फूल मोठे की दाणा भरलेला?

उंब्रज, मसूर, कराड हा पट्टा उसाचा. तारळी जिथे कृष्णेला मिळते त्या उंब्रजच्या परिसरात पाण्याची बाजू बरी, त्यामुळे ऊस, सोयाबीन, भुईमूग यांनीच रान भरलेले असते. तरीही खोडवा तुटून फेब्रुवारीत रान मोकळे झाले आणि जुलैत आडसाली लागण करायची असली, की मधल्या चार महिन्यांत बसणारे पीक म्हणून सूर्यफुलाचे नाव निघते. बहुतेक वाण ८५ ते ९५ दिवसांत निघतात. पूर्वेकडे माण, खटाव, जत, कवठेमहांकाळ या कमी पावसाच्या तालुक्यांत ते खरिपात आणि रब्बीतही घेता येते, कारण त्याची मुळे खोल जातात आणि या पिकाला हंगामाचे फारसे बंधन नाही.

एकरी दोन ते अडीच किलो संकरित बियाणे पुरते. कृषी सेवा केंद्रात पिशवी हातात घेऊन शेतकरी हमखास विचारतो, “फूल केवढं पडतंय?” वाण तयार करणारा पैदासकार मात्र फुलाच्या आकारापाशी थांबत नाही. एका फुलात दाणे किती भरले, शंभर दाण्यांचे वजन किती आणि एकरात झाडे किती उभी राहिली, हे तीन आकडे त्याला हवे असतात. सूर्यफुलाचे उत्पन्न वाढवण्याचे गेल्या पन्नास-साठ वर्षांतले सगळे संशोधन या तीन आकड्यांभोवती फिरते.

एका फुलातली हजार फुले

आपण ज्याला सूर्यफूल म्हणतो तो खरे तर फुलोरा आहे. कडेच्या पिवळ्या पाकळ्या ही वांझ फुले. मधमाशांना खुणावणे एवढेच त्यांचे काम. दाणे धरतात ती मधल्या तबकडीतली बारीक नळीदार फुले, आणि ती एका तबकडीत हजार-दीड हजार सहज असतात. ती एकदम उमलत नाहीत. कडेकडून मध्याकडे रोज काही ओळी, असे आठ-दहा दिवस उमलणे चालू राहते.

त्यात प्रत्येक बारीक फूल आधी नर असते आणि मग मादी. आधी पुंकेसरांच्या नळीतून पराग वर ढकलला जातो आणि त्यानंतर, बहुधा दुसऱ्या दिवशी, स्त्रीकेसराचे टोक दुभंगून पराग घ्यायला तयार होते. शिवाय अनेक जुन्या वाणांत झाडाला स्वतःचा पराग चालत नाही. पराग जड आणि चिकट असल्याने वाऱ्यावरही भिस्त ठेवता येत नाही. म्हणजे दाणा धरायचा तर एका झाडाचा पराग दुसऱ्या झाडावर नेणारी मधमाशी हवीच.

ज्या फुलाला पराग मिळाला नाही त्याचेही टरफल वाढते, पण आत गर नसतो. असे पोचट दाणे तबकडीच्या मध्यभागी जास्त सापडतात. तिथली फुले सर्वात शेवटी उमलतात आणि तोवर झाडाचा अन्नरस कडेच्या दाण्यांनी ओढून घेतलेला असतो. तबकडी जितकी मोठी, तितका हा मधला पोचट भागही मोठा होण्याचा धोका.

आता हिशेब करू. दोन ओळींत ६० सेंमी आणि दोन झाडांत ३० सेंमी अंतर ठेवले, तर एकरात साधारण २२,००० झाडे बसतात. एका फुलात ८०० दाणे भरले आणि शंभर दाण्यांचे वजन ५ ग्रॅम आले, तर झाडामागे ४० ग्रॅम बी मिळते. म्हणजे एकरी ८ क्विंटल ८० किलो. त्याच आकाराच्या फुलात ६०० दाणेच भरले, तर उत्पन्न ६ क्विंटल ६० किलोंवर येते. बांधावरून पाहताना या दोन शेतांत काही फरक दिसणार नाही.

उगवण विरळ होऊन एकरात १५,००० झाडेच राहिली तर? प्रत्येक झाडाला जागा, ऊन आणि खत जास्त मिळते, फूल ऐसपैस होते. त्यात १,००० दाणे भरले असे धरले, तरी एकरी साडेसात क्विंटलच पदरात पडतात. रस्त्यावरून जाणारा माणूस थांबून बघेल असे फूल, पण वजनकाट्यावर सव्वा क्विंटलाहून जास्त घट.

रशियातून लातूरपर्यंत

सूर्यफूल मूळचे उत्तर अमेरिकेचे, पण त्याला तेलबियांच्या रांगेत आणले रशियाने. क्रास्नोदार येथे वसिली पुस्तोवोइत यांनी पिढ्यान् पिढ्या निवड करत, तिशीच्या आसपास असलेले तेलाचे प्रमाण पन्नाशीकडे नेले. १९६९ मध्ये सोव्हिएत संघातून पेरेडोविकसारखे वाण भारतात आले आणि इथल्या व्यापारी लागवडीला सुरुवात झाली. पुढे कॅनडातून आलेला ‘मॉर्डन’ हा बुटका, लवकर येणारा वाण शेतकऱ्यांच्या तोंडी बसला. कोरडवाहू रानात तो हमखास येई. उत्पन्न आणि तेल मात्र बेताचेच.

हे सगळे वाण मधमाशांच्या मर्जीने मोकळ्या परागीभवनातून वाढवलेले. त्यामुळे एकाच शेतात एक झाड कमरेएवढे, शेजारचे डोक्याच्या वर. एक आज फुललेले, दुसरे आठवड्याने. कापणी एका वेळी करायची तर निम्मे दाणे झडलेले किंवा निम्मे कोवळे.

दोन वेगळ्या, शुद्ध केलेल्या वंशांचा संकर केला की पहिली पिढी जोमदार आणि एकसारखी निघते, हे मक्यात विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच कळले होते. महाराष्ट्राने ते १९६४ च्या सीएसएच-१ या संकरित ज्वारीपासून शेतात पाहिले. सूर्यफुलात अडचण वेगळी होती. एकाच तबकडीत हजार फुले आणि प्रत्येकात नर-मादी दोन्ही. पहाटे चिमट्याने पुंकेसर काढून दोन-चार फुलांचा संकर करता येतो, पण टनावारी बियाणे कसे करणार? त्यासाठी परागच नसलेले मादी झाड हवे होते.

परागाविना आई

ते झाड फ्रान्समध्ये मिळाले. पात्रीस लक्लेर्क यांनी ‘हेलिअँथस पेटिओलॅरिस’ या रानटी सूर्यफुलाला मादी धरून त्यावर लागवडीतल्या सूर्यफुलाचा पराग टाकला. निघालेल्या संततीचा पुन्हा पुन्हा लागवडीच्या सूर्यफुलाशी संकर करत गेल्यावर त्यांना अशी झाडे मिळाली, की फूल व्यवस्थित, बीजांड सुदृढ, पण पराग नाही. १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी हे जाहीर केले.

याचे कारण पेशीतल्या मायटोकाँड्रियात होते. हे ऊर्जाघर केवळ आईकडून संततीत येते. रानटी झाडाकडून आलेल्या मायटोकाँड्रियात जनुकांची फेरजुळणी होऊन एक अनोळखी जनुक तयार झालेला आहे. त्यापासून बनणाऱ्या प्रथिनामुळे परागाला पोसणारा पेशींचा थर वेळेआधीच मरतो आणि परागकण उपाशी राहून संपतात. बीजांडाला मात्र धक्का लागत नाही.

पण शेतकऱ्याच्या शेतात असे वांझ पीक काय कामाचे? तिथे पराग हवाच. म्हणून दुसरा शोध तितकाच महत्त्वाचा ठरला. १९७० मध्ये अमेरिकेत टेक्सासमधील मरे किन्मन यांनी परागक्षमता परत आणणारा जनुक दाखवून दिला. हा जनुक पेशीच्या केंद्रकात असतो, म्हणजे बापाकडूनही येऊ शकतो, आणि त्या घातक प्रथिनाला तो आवर घालतो. या दोन शोधांच्या जोरावर काही वर्षांतच अमेरिकेत संकरित सूर्यफूल बाजारात आले. भारतात १९८० मध्ये बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठाने ‘बीएसएच-१’ हा देशातला पहिला संकरित वाण दिला. त्याची आई ‘सीएमएस २३४ ए’ आणि बाप ‘आरएचए २७४’ हा अमेरिकी वंश. १९९० च्या दशकातला ‘केबीएसएच-१’ हाही त्याच आईचा.

तीन ओळींचा संसार

पैदासकार तीन वंश सांभाळतो. ‘ए’ ही नरवंध्य मादी. ‘बी’ हा तिचा जुळा भाऊ. सगळे गुण तेच, पण मायटोकाँड्रिया साधे आणि पराग चांगला. ‘ए’वर ‘बी’चा पराग पडला की पुन्हा ‘ए’चेच बी मिळते, म्हणून ‘बी’ला संधारक म्हणतात. तिसरा ‘आर’, परागक्षमता परत देणारा नर. ‘ए’वर ‘आर’चा पराग पडला की जे बी धरते तेच पिशवीत भरले जाते.

बीजोत्पादनाच्या शेतात साधारणपणे मादीच्या तीन ओळींमागे नराची एक ओळ असते. प्रमाणित संकरित बियाण्यासाठी चहूबाजूंनी ४०० मीटरपर्यंत दुसरे सूर्यफूल नको, कारण मधमाशीला बांध कळत नाही. मादीच्या ओळीत एखादे परागयुक्त झाड दिसले तर ते फुलण्याच्या सुरुवातीलाच उपटावे लागते. दोन्ही वंश एकाच वेळी फुलणारे नसतील तर त्यांची पेरणी काही दिवस मागेपुढे करतात. फुलोऱ्यात रोज सकाळी मजूर मऊ कापडाने नराचा पराग मादी फुलांवर लावत जातात.

यातली एक युक्ती मुद्दाम सांगण्यासारखी आहे. नर वंश पुष्कळदा फांद्या फुटणारा निवडतात. एका झाडावर अनेक लहान फुले मागेपुढे उमलत राहिली की पराग जास्त दिवस मिळतो. पण शेतकऱ्याला तर एका झाडावर एकच मोठे फूल हवे. फांद्या फुटण्याचा हा गुण अप्रभावी असतो. आईकडून एकफुलीपणाचा जनुक आला की संकरात तो दबतो. बापाच्या फांद्यांचा फायदा बीजोत्पादनाला, आईच्या एका फुलाचा फायदा शेतकऱ्याला.

संकरित पिकातले बी पुढच्या वर्षी पेरू नये, असे सांगतात त्याचेही कारण इथेच आहे. संकरित झाडात मायटोकाँड्रिया नरवंध्य आईचे असतात आणि परागक्षमतेच्या जनुकाची एकच प्रत असते. त्याचे बी पेरले की पुढच्या पिढीत सरासरी चारातल्या एका झाडाला ती प्रत मिळत नाही. त्याच्या फुलात पराग येत नाही. बाप फांद्यांचा असेल तर चारातले एक झाड फांद्याही फोडते. उंची आणि फुलण्याची वेळ पुन्हा पांगते ती वेगळीच. दरवर्षी नवे बियाणे घेण्याचा खर्च खराच, पण घरचे बी पेरल्यावर पीक बिघडते त्यामागे कंपनीची चाल नाही, आनुवंशिकतेचा नियम आहे.

हजारो संकरांतून एक

नरवंध्यतेमुळे संकर करणे सोपे झाले. चांगला संकर शोधणे अवघडच राहिले. नवा वंश शुद्ध करायला फुलावर कापडी पिशवी चढवून सहा-सात पिढ्या स्वपरागीभवन करावे लागते. त्यात पुष्कळ वंश दुबळे होऊन गळतात. उरलेल्यांची जोडी कोणाशी जमते हे दिसण्यावरून ओळखता येत नाही. प्रत्यक्ष संकर करूनच पाहावे लागते. सहा मादी आणि पाच नर घेतले तरी ३० संकर होतात. ते सगळे, त्यांचे आईबाप आणि बाजारातला प्रचलित वाण असे शेजारी शेजारी पेरून तोलतात. नवा संकर आईबापापेक्षा सरस निघाला एवढ्याने भागत नाही. शेतकरी आज जो वाण पेरतो त्याच्यापेक्षा तो सरस हवा. मग अखिल भारतीय समन्वित चाचण्यांत वेगवेगळ्या राज्यांत, वेगवेगळ्या हंगामांत त्याची परीक्षा होते.

या परीक्षेत गुण एकमेकांच्या पायात पाय घालतात. दाणा मोठा केला की टरफलही जाड होते आणि तेलाचे प्रमाण उतरते. झाड उशिरा पक्व होणारे घेतले तर उत्पन्न वाढते, पण कोरडवाहू रानात शेवटी ओल संपते. म्हणून पैदासकार आता फुलाच्या व्यासापेक्षा दाणे भरण्याच्या टक्केवारीकडे जास्त पाहतो. काही फुले पिशवीत बांधून आणि काही उघडी ठेवून तुलना करतात. पिशवीतही दाणे चांगले भरणारा वंश म्हणजे मधमाश्या कमी असल्या तरी तग धरणारा वंश. फवारण्यांमुळे मधमाश्या कमी झालेल्या भागात हा गुण मोलाचा आहे.

महाराष्ट्रात या कामाचे मोठे केंद्र लातूर. परभणी कृषी विद्यापीठाच्या तिथल्या गळीतधान्य संशोधन केंद्राने ‘एलएसएफएच-३५’, ‘एलएसएफएच-१७१’ असे संकरित वाण दिले. १९८० च्या दशकात मराठवाड्यात केवडा रोगाने सूर्यफूल खुजे आणि पिवळे पडू लागले, तेव्हा त्याच केंद्राने ‘एलडीएमआरएसएच’ मालिकेतले केवडा-प्रतिकारक संकर तयार केले. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या सोलापूर केंद्राचा ‘भानू’ हा सुधारित वाण कोरडवाहू भागात रुजला. ‘फुले भास्कर’ हा सुधारित आणि ‘फुले रविराज’ हा संकरित वाणही याच विद्यापीठाचे.

सातारा जिल्ह्याचेही या विषयाशी नाते आहे, पण ते सूर्यफुलाच्या भाऊबंदातल्या करडईमार्फत. फलटण येथे बनबिहारी निंबकर यांनी १९६८ मध्ये स्थापन केलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने २००१ मध्ये ‘नारी-एनएच-१’ हा बिनकाट्याचा संकरित करडई वाण दिला. तिथे नरवंध्यता मायटोकाँड्रियातली नव्हती, केंद्रकातल्या जनुकाची होती. त्यामुळे मादी ओळीतली सरासरी निम्मी झाडे परागक्षम निघतात आणि फुलताना ती एकेक ओळखून उपटावी लागतात. हा मजुरीचा भार पाहिला की सूर्यफुलातल्या फ्रेंच शोधाने बीजोत्पादन किती स्वस्त केले ते कळते.

त्या शोधाची एक काळी बाजूही आहे. जगातले बहुतेक संकरित सूर्यफूल आजही त्याच एका रानटी आईच्या मायटोकाँड्रियावर उभे आहे. १९७० मध्ये अमेरिकेत मक्याच्या अशाच एका नरवंध्य वंशावर करपा तुटून पडला आणि त्या हंगामात देशभर पिकाची हानी झाली. तसे सूर्यफुलात होऊ नये म्हणून इतर रानटी जातींतून वेगळी नरवंध्यता आणण्याचे प्रयत्न चालू आहेत. पण नव्या प्रत्येक मादीला तिच्या जोडीचा परागक्षमता देणारा नरही शोधावा लागतो.

वाणाच्या पलीकडे

१९९३-९४ च्या सुमारास देशात सूर्यफूल २६ लाख हेक्टरांवर पसरले होते; आता ते काही लाख हेक्टरांवर आले आहे. याचा दोष केवळ वाणांना देता येत नाही. १९९७ मध्ये कर्नाटकात बागेपल्लीजवळ शेंडा आणि कळी करपवणारा एक रोग दिसला आणि लवकरच तो दक्षिणेत व महाराष्ट्रात पसरला. ‘टोबॅको स्ट्रीक’ या विषाणूचा हा रोग गाजर गवतात लक्षणे न दाखवता दडून राहतो आणि फुलकिडे त्याचा विषाणूवाही पराग सूर्यफुलावर आणतात. त्याला पूर्ण दाद न देणारे वंश मिळणे कठीण गेले, म्हणून बांधावरचे गाजर गवत फुलण्याआधी उपटणे आणि कडेने ज्वारीच्या ओळी आधी पेरणे हेच उपाय आजही सांगितले जातात. दुसरीकडे स्वस्त आयात तेल आले. सूर्यफूल तेलासाठी आपण प्रामुख्याने रशिया, युक्रेन आणि अर्जेंटिना यांच्यावर अवलंबून आहोत, हे फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्ध पेटल्यावर प्रत्येक स्वयंपाकघराला समजले.

चांगला संकरित वाण घेतला तरी त्याची क्षमता शेतातच उतरते किंवा वाया जाते. उगवणीनंतर विरळणी करून एका जागी एकच झाड ठेवायचे. पाकळ्या उमलू लागताना ०.२ टक्के बोरॅक्सची फवारणी घ्यायची, कारण बोरॉन कमी पडले तर परागीभवन होऊनही दाणा भरत नाही. फुलोऱ्यात शक्यतो कीटकनाशक मारायचे नाही, मारावेच लागले तर मधमाश्या परतल्यावर सायंकाळी. हेक्टरी चार-पाच मधपेट्या ठेवता आल्या तर उत्तम. एकट्या शेतावर पोपटांचे थवे उतरतात, म्हणून शेजारच्या दोघा-तिघांनी एकाच वेळी पेरलेले बरे.

वाणाची पारखही शेतकऱ्याला स्वतः करता येते. कापणीच्या वेळी वेगवेगळ्या ओळींतली दहा फुले घ्यायची, दाणे काढून पोचट आणि भरलेले वेगळे मोजायचे, भरलेल्यांपैकी शंभर दाणे तोलायचे. दोन वाण शेजारी पेरले असतील तर तासाभराच्या या कामातून जे समजते ते पिशवीवरच्या चित्रातून समजणार नाही.

एक आकडा मात्र शेतकऱ्याच्या हाती अजून आलेला नाही, तो तेलाच्या प्रमाणाचा. एकरी ८ क्विंटल ८० किलो बी देणाऱ्या वाणात ३८ टक्के तेल असेल, तर एकरी सुमारे ३३४ किलो तेल निघते. दुसरा वाण ८ क्विंटलच देतो, पण त्यात ४२ टक्के तेल आहे. त्याचे तेल ३३६ किलो. घाण्याच्या दृष्टीने दोन्ही सारखे. सूर्यफुलाचा हमीभाव २०२५-२६ साठी क्विंटलला ७,७२१ रुपये होता. त्या दराने पहिल्या वाणाचा शेतकरी सहा हजारांहून अधिक रुपये जास्त घेऊन जातो. उसाची एफआरपी, म्हणजे रास्त व किफायतशीर दर, साखर उताऱ्याशी बांधलेली असते हे उंब्रज-कराडच्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही; कारखान्याचा उतारा किती पडला यावर इथे चावडीवर चर्चा होते. सूर्यफुलाची खरेदीही तेलाच्या उताऱ्यावर होऊ लागली, तर दाणा आणि तेल यांची ओढाताण सोडवणाऱ्या वाणांना बाजार मिळेल. तोवर बाजार ज्याचे पैसे देतो त्याच गुणाचे वाण खपणार, आणि बाजार आज फक्त वजनाचे पैसे देतो.